तपशील : वरखर्च

‘वडापाव २, कटिंग १. कारण : पाऊस.’

हे माझ्या नवऱ्याने भरलेलं व्हाउचर. ऑफिसात कुणी असलं व्हाउचर माझ्या टेबलावर आणून ठेवलं असतं तर लाल पेनाने गोल करून परत पाठवलं असतं. पाऊस हे काय खर्चाचं कारण झालं? जुलैत तो पडणारच. घरी मात्र मी त्यावर सही केली आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं.

मी ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत अकाउंट्स बघते. एकोणीस वर्षं झाली. दुसऱ्याचा पैसा पै-पैने जुळवायचा, जुळला नाही तर रात्री आठपर्यंत थांबायचं, आणि घरी मात्र पंचवीस तारखेला नवऱ्याला विचारायचं, ‘तुझ्याकडे किती उरलेत रे?’ मास्तरांचंच पोर नापास व्हावं, तसला प्रकार. पण तोवर तसं चालून जात होतं. चालेनासं झालं ते घराच्या हप्त्यामुळे.

खारेगावातलं हे घर आम्ही २०२१मध्ये घेतलं. जुनी खोली विकून आलेले पैसे, माझ्या सोन्यातलं थोडं, आणि वर तीस लाखांचं कर्ज. मुदत वीस वर्षं. तेव्हा व्याजदर सात टक्क्यांच्या आसपास होता, हप्ता बसला २३,२५९. हा आकडा मला देवाच्या श्लोकासारखा पाठ आहे. मग मे २०२२पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या व्याजाने ती बँकांना उसने पैसे देते तो) वाढवायला घेतला आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो चार टक्क्यांवरून साडेसहावर नेऊन ठेवला. महागाई आटोक्यात आणायची तर हेच करतात, हे मला कळतं. ज्याचं कर्ज बदलत्या दराचं, त्याचं व्याज मागोमाग वर. आमचं साडेनऊला गेलं.

बँकेने विचारलं, मुदत वाढवू की हप्ता? नवरा म्हणाला, मुदत वाढव, महिन्याला तोशीस नको. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. हप्ता तोच ठेवला तर त्यातले ६००-७०० रुपयेच मुद्दलात जात होते, बाकी सगळं व्याज. उरलेल्या अठरा वर्षांची सदतीस होत होती. म्हणजे मी एकोणऐंशीची होईपर्यंत. मी कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला. त्याने एकदा आकड्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हप्ता वाढव.’ नवा हप्ता २७,६००. दर महिन्याला जवळजवळ साडेचार हजारांचा खड्डा.

मग काटछाट. अकाउंट्सवालीच्या हातात कात्री आली की काय होतं ते आमच्या घराने त्या तीन महिन्यांत पाहिलं. बाहेरचं खाणं बंद. मोबाइलवरचं सिनेमांचं वर्गणी खातं बंद. रविवारची मामलेदारची मिसळ बंद, अगदी नवरा ‘कमी तिखट घेऊ’ म्हणाला तरी बंद (तो नेहमी मिडियम मागवतो आणि नाक पुसत खातो). मुलाचा कॅरमचा क्लास बंद. आणि फुलांची पुडी बंद.

पुडी बंद केली याची मला आजही लाज वाटते. रोज सकाळी कडीला अडकवलेली दहा रुपयांची पुडी : तीन झेंडू, थोडी शेवंती, दूर्वा, आणि मोसमात एखादा सोनचाफा. महिन्याचे तीनशे. आईंना म्हणजे सासूबाईंना मी नीट समजावून सांगितलं, हप्ता, व्याज, सगळं. त्या ‘बरं’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी खाली जाऊन सोसायटीच्या कंपाउंडमधली तगर वेचून आणायला लागल्या. सत्तरी उलटलेली बाई, गुडघे दुखतात. तक्रारीचा एक शब्द नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

एवढं करून तिसऱ्या महिन्याच्या शेवटी खड्डा भरला असेल म्हणून मी बँकेचं स्टेटमेंट काढून ताळा करायला बसले. खड्डा भरला नव्हता. शंभर रुपयांच्या आतल्या यूपीआयच्या नोंदी मोजल्या तर एका महिन्यात ६३. बेरीज ३,४७०. वीस, तीस, पंचेचाळीस, पुन्हा वीस. कुणाला दिले म्हणावं तर त्या क्यूआरवर दुकानाचं नाव कधीच नसतं, मालकाच्या मेव्हण्याचं असतं. ऑफिसात ज्या नोंदीचं खातं सापडत नाही ती आम्ही सस्पेन्समध्ये टाकतो, सापडेल तेव्हा तिथून उचलू म्हणून. इथे माझं अर्धं घर सस्पेन्समध्ये होतं.

नवऱ्याला विचारलं. तो मोबाइल उघडून बसला. ‘हे वीस... बहुतेक वेफर्स. हे पस्तीस... काहीतरी खाल्लं असेन.’ मुलाला विचारलं, त्याला बाबांच्या मोबाइलवरून घेतलेल्या दोन आइस्क्रीमपैकी एकच आठवत होतं. मग स्वतःच्या नोंदी काढल्या. ठाणे स्टेशनवर गाडीची वाट बघताना घेतलेली बिस्किटं, थंड पाणी, एक कसलंसं चिक्कीचं पाकीट. त्या चिक्कीची चवसुद्धा आठवेना. पैसे गेले त्याचं एक वेळ सोडा. साडेतीन हजार रुपये खाऊन-पिऊन आमच्यापैकी कुणालाच काही मिळालं नव्हतं. चोरून खाल्लेल्यातली मजासुद्धा नाही, कारण चोरतोय हेच लक्षात नव्हतं.

पैशाची शिकवणी देणाऱ्यांचा एक आवडता हिशोब असतो : रोजचा चहा सोडा, तीस वर्षांनी लखपती व्हा. मी तोही मांडून पाहिला. पंधरा रुपयांचं कटिंग, वर्षाचे ५,४७५. आणि रेपो दराने माझ्याकडून वर्षाला उचलले ५२,०९२. म्हणजे साडेनऊ माणसांचा वर्षभराचा चहा मुंबईतल्या सहा बैठकांत संपला आणि मी मात्र एका माणसाच्या चहावर डोळा ठेवून बसले होते. अमेरिकेतून आलेलं ते पन्नास-तीस-वीसचं सूत्रही सगळे सांगतात : मिळकतीचे पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस शिलकीला. आमच्या दोघांच्या हातात मिळून ७५,००० येतात. सूत्राप्रमाणे गरजांना ३७,५००. त्यातून हप्ता वजा जाता उरले ९,९००, आणि त्यात किराणा, वीज, सोसायटी, शाळेची फी, आईंची औषधं आणि दोघांचे रेल्वेचे पास. हौसेला मात्र २२,५००! हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा तो इतका हसला की त्या तीन महिन्यांतलं घरातलं ते पहिलं मोठं हसू होतं.

आई भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘वरखर्चाला काही ठेवलंयस की नाही?’

मी म्हटलं, ‘वरखर्चच तर बंद केलाय, आई.’

‘तो बंद होत नसतो गं. नाव काढून टाकलंस की बिननावाचा होतो.’

सासरे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. पगाराच्या दिवशी आई पैसे डब्यांत वाटून टाकायच्या. तुरीच्या डाळीत दुधाचे, मेथीच्या बरणीत भिशीचे, तांदळात भाड्याचे. आणि रव्यात वरखर्चाचे, कारण रव्याच्या डब्याला सहसा कुणी हात लावत नाही. एकदा कारखान्यात टाळेबंदी झाली, सात महिने पगार नव्हता. तेव्हाही जे काही शिवणकामातून यायचं त्यातले पाच रुपये रव्यात जायचेच. मी विचारलं, ‘घरात डाळ नसताना?’ त्या म्हणाल्या, ‘डाळ उसनी मागता येते. गजऱ्याला पैसे उसने कोण देईल?’

रिचर्ड थेलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाला २०१७मध्ये नोबेल मिळालं. पुस्तकी अर्थशास्त्र म्हणतं, रुपया हा रुपया, त्याच्यावर कशाचं नाव लिहिलेलं नसतं. थेलर म्हणाले, माणसं तसं वागत नाहीत. ती मनातल्या मनात खाती काढतात, आणि या खात्यातला पैसा त्या खात्यात हलवताना त्यांचा हात थबकतो. हे मी आईंना सांगितलं. त्यांना नोबेलचं विशेष वाटलं नाही. ‘त्यांच्याकडे रवा असतो का?’ एवढंच विचारलं.

तर, गणपतीच्या आधी मी घरात पेटी कॅश सुरू केली. ऑफिसात रोजचा किरकोळ खर्च, म्हणजे चहा, टपाल, रिक्षा, झेरॉक्स, याला दरवेळी चेक फाडत नाहीत. कॅशियरकडे एक ठरावीक रक्कम देऊन ठेवतात. खर्च झाला की व्हाउचर. महिनाअखेरीला जितक्याची व्हाउचरं तितकेच पैसे पुन्हा भरायचे, की रक्कम पहिल्यासारखी. याला इम्प्रेस्ट पद्धत म्हणतात. त्यातली गंमत अशी की कोणत्याही दिवशी डबा उघडा, व्हाउचरं अधिक रोकड बरोबर ठरलेली रक्कम आलीच पाहिजे. आमची रक्कम दोन हजार. तीन हजार चारशे सत्तरपेक्षा कमी, शून्यापेक्षा जास्त. फुलांची पुडी यात धरली नाही. ती दुधासारखीच रोजच्या खर्चात परत घेतली.

नोटा मुद्दाम. यूपीआय २०१६ साली आलं. त्याने माझं ऑफिसचं काम निम्मं केलं, तक्रार नाही. पण त्यात पैसे जाताना हाताला काही कळत नाही. शंभराची नोट मोडताना जरा विचार येतो, आणि मोडून हातात उरलेली चाळीसची सुट्टी नाणी-नोटा पुन्हा बोलतात.

यातलं ‘पेटी’ इंग्रजीतलं, म्हणजे किरकोळ. पण ‘पेटी कॅश’ ऐकून मुलाला वाटलं, पेटीतली कॅश. आमच्या ऑफिसातल्या शिपायाचाही बरीच वर्षं हाच समज होता. त्यामुळे घरात त्या डब्याचं नाव पेटीच पडलं. नियम तीनच. विचारायचं नाही, घ्यायचे. घेतल्यावर व्हाउचर भरायचं. आणि तपशील नीट लिहायचा, ‘खाऊ’ असं लिहिलेलं चालणार नाही.

पहिल्या महिन्याचा ताळा मी सगळ्यांसमोर केला. व्हाउचरं आणि रोकड मिळून १,९९०. दहा रुपये कमी. नवऱ्याने हात वर केले, मुलाने देवाशपथ सांगितलं, आईंनी माळ ओढता ओढता मान हलवली. मी एक छोटंसं भाषण दिलं, दहा रुपयांचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे वगैरे. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं : कळवा स्टेशनबाहेर सुट्टे नव्हते म्हणून डब्यातले घेतलेले दहा रुपये मीच दिले होते, मोगऱ्याच्या तीन कळ्यांना. सकाळी उठून गुपचूप व्हाउचर भरलं. नवऱ्याने ते चहा पिताना मोठ्याने वाचलं.

तपशिलाचा नियम मी ऑडिटच्या सवयीने घातला होता. पण झालं भलतंच. लिहावं लागतं म्हणून माणूस आधी ठरवायला लागला. ‘वेफर्स, कारण माहीत नाही’ असं लिहायला नवऱ्यालाही लाज वाटू लागली, आणि वेफर्स आपोआप गेले. राहिलं ते पावसातला वडापाव, मित्राला पाजलेला चहा, महिन्यातून एकदाची मिसळ. मुलाचं एक व्हाउचर आहे : ‘पेरू, तिखट-मीठ लावून. अर्धा मित्राला दिला. तरी पूर्ण पैसे.’

माझी बहुतेक व्हाउचरं शुक्रवारची आहेत. वागळेहून बसने स्टेशनला आलं की सरळ प्लॅटफॉर्मवर जायचं, कळवा एकच स्टेशन, सात वाजता घरी. शुक्रवारी मी तसं करत नाही. बस स्टेशनच्या अलीकडेच सोडते आणि चालत तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या काठाला येते. गडकरी रंगायतनच्या बाजूला कुणाकुणाची आठ-साडेआठच्या प्रयोगासाठी गजबज असते. नाटकाचं तिकीट पेटीत बसत नाही, ते वाढदिवसाला. मी पलीकडे एक कणीसवाली बसते तिच्याकडे जाते. ती सोललेलं कणीस निखाऱ्यावर ठेवते, पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घालते, ठिणग्या उडतात. दाणे तडतडायला लागले की बोटांच्या टोकांनी कणीस फिरवते, तिला चटका कसा बसत नाही देव जाणे. मग लिंबाची अर्धी फोड तिखट-मिठात बुडवून दाण्यांच्या ओळींवरून घासते. पिळत नाही, घासते, एकेका ओळीत रस जाईल असं. हिरव्या पानात धरून हातात देते. मी कठड्यावर बसते. मासुंद्याच्या पाण्यात दिव्यांचे पट्टे पडलेले असतात, एखादी पायडलची होडी ते पट्टे मोडत जाते, कोपिनेश्वराची घंटा ऐकू येते. वीस मिनिटं लागतात एका कणसाला. दाताने एक ओळ पूर्ण रिकामी करून मगच दुसरी घ्यायची, ही माझी लहानपणापासूनची पद्धत आहे. वीस मिनिटं मला कुणी काही विचारत नाही. व्हाउचरवर मी लिहिते, ‘कणीस १, तलावपाळी, एकटी.’

त्यावर मुलाने एकदा पेन्सिलीने शेरा मारला होता : ‘आम्हाला का नाही?’ त्याला म्हटलं, ते कणीस नाहीये, ती रिक्षा आहे, ऑफिसातून घरापर्यंत आणणारी. त्याला पटलं नाही. बरोबरच आहे.

इम्प्रेस्टमध्ये एक खोट आहे, ती मुलानेच काढली. पैसे वाचवले तर काय मिळतं? काहीच नाही. कमी खर्च केला की कमी भरले जातात. ऑफिसात म्हणूनच मार्चअखेर आली की लोक उगाच पेनं आणि फाइली मागवतात. मग चौथा नियम केला : महिन्याचे उरतील ते वेगळ्या पाकिटात, कॅरी फॉरवर्ड. पाच महिन्यांत तिथे इतके जमले की फेब्रुवारीत आम्ही चौघं विटाव्यावरून ऐरोलीला जैवविविधता केंद्रात रोहित पक्षी बघायला गेलो. फ्लेमिंगो हो. अकरा वर्षं खाडीकाठी राहून ते मी फक्त लोकांच्या फोटोंत पाहिले होते. तिथली होडी आपल्या सोयीने सुटत नाही, भरतीच्या वेळेवर सुटते. त्या दिवशी भरती सकाळी लवकर होती, आई पहाटे पाचला अंघोळ करून तयार.

ठाण्याची खाडी म्हणजे गाडीतून नाकाला रुमाल लावून ओलांडायची गोष्ट, असं माझं मत होतं. या खाडीला २०२२मध्ये रामसर स्थळांच्या यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत, जागा मिळाली, हे होडीवरच्या मुलाने सांगितलं तेव्हा आईंनी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग खारफुटीच्या वळणापलीकडे तो गुलाबी पट्टा दिसला आणि सगळे गप्प झाले. हजारो चोची उलट्या चिखलात. मुलगा म्हणाला, हे जन्मतः राखाडी असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबी खाऊन खाऊन गुलाबी होतात, शाळेत शिकवलंय. नवरा लगेच माझ्याकडे वळला : ‘बघ. पक्ष्यांनासुद्धा रंग चरण्यामुळे येतो.’

त्या दिवशी परत येताना त्याने वडापाव खाल्ला आणि व्हाउचरवर कारण लिहिलं, ‘रंगासाठी.’

२०२५मध्ये रेपो दर उतरायला लागला. नवऱ्याने पेटीचे तीन हजार करायचा ठराव मांडला. मी म्हटलं, हप्ता आहे तोच ठेवायचा, मुदत कमी होऊ दे. एकोणऐंशीचा आकडा मी अजून विसरलेले नाही. ठराव फेटाळला गेला, मात्र एकमताने नाही.

परवा महिनाअखेरीचा ताळा करत होते. व्हाउचरांच्या गठ्ठ्यात एक आईंचं निघालं. त्यांची व्हाउचरं तशी कमी, आणि सगळी सारखी : सोनचाफा पाच, वीस रुपये. आवळा सुपारी, तीस रुपये. हे वेगळं होतं. रक्कम रुपये २६०. तपशिलाच्या रकान्यात त्यांच्या तिरक्या, सुटसुटीत अक्षरात दोन शब्द : ‘माझं मला.’

आकडा गोल असता तर एक वेळ समजू शकले असते. अडीचशे म्हणजे कुणाला तरी दिले असतील, तीनशे म्हणजे जवळ ठेवले असतील. २६० म्हणजे नक्की काहीतरी घेतलंय, किंवा कुठेतरी जाऊन आल्यात. मंगळवारी दुपारी त्या ‘जरा खाली बसून येते’ म्हणून अडीच तास गेल्या होत्या, हे मला आठवलं. जांभळी नाका? राम मारुती रोड? एकट्या? रिक्षाचे जाऊन-येऊन किती होतील ते मी मनात धरलं, वजा केले, उरलेल्यात काय येतं याचा विचार केला. आई समोरच खुर्चीत बसून वाती वळत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वातीकडे बघितलं.

तपशिलाशिवाय व्हाउचर पास करायचं नाही, हे मी एकोणीस वर्षं पाळत आले आहे. एका डायरेक्टरचं परत पाठवलं होतं एकदा.

पेन उघडलं, सही केली, बेरजेत २६० धरले. व्हाउचरं आणि रोकड मिळून बरोबर दोन हजार भरली.